शीतल दिव्याचा ताप

विजेच्या जुन्या दिव्याला तो पेटता असताना हात लावण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. काचेच्या फुग्यातली टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते तेव्हा कोठे ती घराला पुरेल एवढा उजेड देते. आणि त्यासाठी खर्च झालेल्या विजेतले शंभरातले जेमतेम चार-पाच भागच डोळ्यांच्या कामी येतात. बाकीची सारी शक्ती उष्णता होऊन निघून जाते. एलईडी या नावाने घरोघर पोचलेला नवा दिवा या बाबतीत फारच सोज्ज्वळ भासतो. त्याच्या समोर तळहात धरला तरी ऊब जाणवत नाही. लोक त्याच्या प्रकाशाला 'थंड प्रकाश' म्हणतात ते यामुळेच. हे नाव काजव्याला शोभते. एलईडीच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. आणि उरलेल्या अर्ध्या खोटेपणाने, घरच्या घरी दिवे जुळविणाऱ्या हौशी मंडळींचे पुष्कळ पैसे आणि पुष्कळ संध्याकाळी वाया घालविल्या आहेत.

प्रसंग नेहमीचाच असतो. कोणी उत्साही विद्यार्थी बाजारातून दोन-तीन वॅटचा पांढरा एलईडी आणतो, त्याला दोन तारा डाखतो, प्रवाह सुरू करतो आणि खोली लख्ख उजळते. आनंदाचा भर ओसरण्यापूर्वीच उजेडाची छटा पालटू लागते, मग उजेड उतरतो, आणि काही मिनिटांत दिवा कायमचा विझतो. दोष मालाला दिला जातो. दुसरा एलईडी आणला जातो आणि त्याचीही तीच गत होते. वस्तुतः त्या दिव्याला प्रकाश देण्याची सोय तेवढी केलेली असते, ताप टाकण्याची केलेली नसते.

हा घोटाळा व्हावा यात नवल नाही, कारण एलईडीशी माणसाची पहिली ओळख झाली ती अगदी लहान दिव्यांतून. निक होलोन्याक यांनी १९६२ साली अमेरिकेत डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा एलईडी तयार केला, आणि पुढे कित्येक वर्षे हे दिवे रेडिओ, गणकयंत्रे व मापनयंत्रे यांच्या तोंडावर खूण म्हणूनच चमकत राहिले. निळ्या प्रकाशाचे कोडे जपानमध्ये आकासाकी, अमानो व नाकामुरा यांनी सोडविले. त्यांना त्याबद्दल २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या स्फटिकावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा थर चढविला की दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो, आणि घर उजळणारा एलईडी जन्माला आला तो या युक्तीने. खुणेच्या दिव्यातून वीस मिलिअँपिअर प्रवाह जातो. पांढरा असला तर त्यावरचा दाब तीन व्होल्टच्या घरात, म्हणजे खर्च एका वॅटच्या सोळाव्या हिश्शाइतका. एवढा किरकोळ ताप त्याचे दोन पायच वाहून नेतात. मोठ्या एलईडीतून मात्र ३५० किंवा ७०० मिलिअँपिअर प्रवाह जातो. ७०० मिलिअँपिअरला ३.२ व्होल्ट दाब धरला तर खर्च सव्वादोन वॅट, म्हणजे धाकट्या भावाच्या सदतीसपट होतो. नाव एक, रूपही जवळपास तेच. पण प्रकृती मुळीच एक नव्हे.

आता प्रश्न असा, की साठ वॅटचा जुना दिवा बिनतक्रार जळतो आणि सव्वादोन वॅटचा एलईडी मरतो, हे कसे? उत्तर असे, की जुन्या दिव्याला तापणे मानवते. किंबहुना तापणे हाच त्याचा व्यवसाय. शिवाय त्याची बहुतेक उष्णता अदृश्य अवरक्त किरणांच्या रूपाने उजेडाबरोबरच बाहेर फेकली जाते. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात असे अवरक्त किरण जवळजवळ नसतात. समोर धरलेल्या हाताला ऊब लागत नाही याचा अर्थ उष्णता निर्माणच होत नाही असा नव्हे. ती पुढून बाहेर पडत नाही, एवढाच. दिलेल्या विजेतल्या तिसऱ्या हिश्शाचा, फार तर निम्म्याचा प्रकाश होतो. उत्तमोत्तम स्फटिक याच्याही पुढे गेले आहेत. पण हौशी माणसाच्या हाती येणाऱ्या मालाचा हिशेब करताना दोन तृतीयांश उष्णता धरणे शहाणपणाचे. सव्वादोन वॅटांतले दीड वॅट असे स्फटिकातच कोंडलेले राहतात.

दीड वॅट म्हणजे किती? ऐकायला क्षुल्लक वाटणारा हा आकडा जागेच्या हिशेबात मोजला म्हणजे दचकायला होते. मोठ्या एलईडीच्या स्फटिकाचे क्षेत्रफळ साधारण एक चौरस मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान. कपड्यांची एक हजार वॅटची इस्त्री घेतली आणि तिच्या तळाचे क्षेत्रफळ दोनशे चौरस सेंटिमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाच वॅट पडतात. एलईडीच्या स्फटिकात त्याच मापाने दीडशे वॅट भरतात. इस्त्रीच्या तळाच्या तीसपट दाटीची ही उष्णता अशा ठिकाणी उत्पन्न होते, की तेथले तपमान सव्वाशे ते दीडशे अंशांच्या पलीकडे गेले तर निर्मात्याची हमी संपते.

मर्यादेच्या आत राहिले तरी ताप आपली किंमत वसूल करीतच असतो. तपमान चढले की त्याच प्रवाहाला उजेड कमी पडतो. पांढऱ्या व निळ्या एलईडींत ही घट बेताची असते; तांबड्यात मात्र इतकी ठळक, की रंगीत दिव्यांची आरास करणाऱ्याला तासाभराने रंगांचा तोलच बिघडलेला दिसतो. याहून वाईट असे, की अति तापाने स्फटिकावरचे पारदर्शक सिलिकोन पिवळे पडते, पिवळ्या भुकटीचा गुण उतरतो, केसाहून बारीक जोडतारा ताणल्या जातात. एलईडीच्या आयुष्याचे नेहमीचे माप तो विझेपर्यंतच्या तासांचे नसून, उजेड मूळच्या सत्तर टक्क्यांवर उतरेपर्यंतच्या तासांचे आहे. नीट थंड ठेवलेला दिवा पन्नास हजार तास चालण्याची भाषा करतो, आणि तोच दिवा गैरसोयीत काही महिन्यांतच म्हातारा होतो. त्याचा मृत्यू पुष्कळदा असा हळूहळू येत असल्यामुळे कारणाकडे लक्षही जात नाही.

यावरचा उपाय समजावून घ्यायला एक जुना धागा उपयोगी पडतो. उष्णता घन पदार्थातून कशी वाहते याचे गणित फ्रान्समध्ये फूरिये याने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडले. पाच वर्षांनी, १८२७ मध्ये, जर्मनीत ओम याने विजेच्या प्रवाहाचा आपला प्रसिद्ध नियम मांडला, तो फूरियेच्या विवेचनाचा नमुना समोर ठेवून. वीज उष्णतेकडून शिकली. आज वीज जाणणाऱ्या हौशी माणसाला तेच ज्ञान उलट दिशेने वापरता येते. व्होल्टच्या जागी तपमानातला फरक ठेवावा, अँपिअरच्या जागी वाहणाऱ्या उष्णतेचे वॅट ठेवावेत आणि ओहमच्या जागी उष्णतारोध ठेवावा. दर वॅटला किती अंशांचा चढ पडतो, हे त्या रोधाचे माप. स्फटिकापासून खोलीतल्या हवेपर्यंत उष्णतेला जी जी पायरी उतरावी लागते तिचा तिचा रोध आहे, आणि एकामागून एक आलेल्या या रोधांची बेरीज करायची आहे. मोटर वा चुंबक यांचे गणित ज्याला अवघड वाटते त्यालाही हे जमेल. गुणाकार आणि बेरीज यांपलीकडे यात काही नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहावे. अभ्यासाच्या मेजावर ठेवण्याच्या दिव्यासाठी, बाजारात 'स्टार' म्हणून मिळणाऱ्या ॲल्युमिनियमच्या षट्कोनी चकतीवर बसविलेले तीन एलईडी घेतले. प्रत्येकात दीड वॅट उष्णता, तिघांची मिळून साडेचार वॅट. त्या चकत्या आठ सेंटिमीटर लांब-रुंद व दोन-तीन मिलिमीटर जाड अशा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसविल्या. उभ्या धरलेल्या आणि दोन्ही बाजूंनी मोकळ्या अशा पत्र्याच्या दर शंभर चौरस सेंटिमीटर पृष्ठभागामागे, स्थिर हवेत, एका वॅटला सुमारे दहा अंशांचा चढ पडतो असा ठोकताळा आहे. या पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून १२८ चौरस सेंटिमीटर होतात, तेव्हा त्याचा रोध दर वॅटला आठ अंशांच्या आसपास. साडेचार वॅट गुणिले आठ, म्हणजे ३६ अंश. पत्रा तिघांचा सामाईक असल्याने येथे तिघांची उष्णता धरली. पुढच्या पायऱ्या ज्याच्या त्याच्या. चकती आणि पत्रा यांच्यामधल्या पेस्टचा रोध सढळपणे एक अंश धरला तर दीड अंश. एलईडी व त्याची चकती यांचा मिळून बारा अंश धरला तर अठरा अंश. एकूण चढ साडेपंचावन्न अंश. खोलीत २५ अंश तपमान असेल तर स्फटिक ८०.५ अंशांवर राहील. उत्तम झाले.

पण २५ अंशांची खोली कोणाची? माहितीपत्रकातले उजेडाचे आकडे पुष्कळदा याच तपमानाला मोजलेले असतात, आणि तेही स्फटिकच २५ अंशांवर असताना, तो तापायच्या आत क्षणार्धात प्रवाह सोडून. नागपूर-चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तोच दिवा तेथे शंभर अंश गाठतो. अजूनही चालेल. आता शोभेसाठी तो पत्रा लाकडी पेटीत बंद केला आणि त्याचा रोध आठाचा सोळा झाला असे मानावे. पत्र्याचा चढ ७२ अंश होतो, एकूण बेरीज १३६ अंशांच्या पुढे जाते, आणि दिव्याची घटका भरते. पत्राच न लावता नुसती वीस मिलिमीटरची चकती हवेत ठेवली, तर तिच्या मूठभरही नसलेल्या पृष्ठभागामुळे एकट्या दीड वॅटनेच शंभरावर अंशांचा चढ होतो. आरंभीच्या विद्यार्थ्याचा दिवा का गेला, याचा उलगडा येथे होतो.

या साखळीतली सर्वांत फसवी कडी म्हणजे दोन धातूंमधला सांधा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात एकमेकांना काही थोड्या उंचवट्यांवरच टेकलेले असतात. मधल्या खळग्यांत हवा भरून राहते. आणि हवा उष्णतेच्या वाटेतली धोंड आहे. हवेची वहनशक्ती एक मानली, तर ॲल्युमिनियमची सात-आठ हजार, तांब्याची पंधरा हजार, साध्या पोलादाची दोन हजारांच्या आत आणि स्वयंपाकघरातल्या स्टेनलेस स्टीलची सहाशेच्या आसपास भरते. (स्टीलच्या डब्याचे झाकण हीटसिंक म्हणून वापरणाऱ्याने हा शेवटचा आकडा ध्यानात घ्यावा.) चकतीखाली कागदाच्या जाडीची, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची हवा सगळीकडे राहिली, तर तेवढ्यानेच दर वॅटला तेरा अंशांचा रोध पडतो. त्या फटीत दुकानात हीटसिंक कंपाउंड म्हणून मिळणारी साधी पांढरी पेस्ट भरली, की तोच रोध एका अंशाच्या तिसऱ्या हिश्शावर येतो. पेस्ट हवेच्या चाळीसपट चांगली खरी, पण धातूच्या मानाने ती अगदीच मंद. म्हणून पुरणासारखी जाड थापली तर मिळविलेले सारे घालविले. खळगे भरतील इतकीच, पातळ लावावी आणि चकती दोन-तीन स्क्रूंनी सारख्या दाबाने आवळावी. नुसत्या साध्या इपॉक्सी गोंदाने चिकटविण्याचा मोह अनेकांना होतो. साध्या गोंदाची वहनशक्ती पेस्टच्याही पुष्कळ खाली असते. चिकटवायचेच झाले तर उष्णतेसाठी मुद्दाम केलेला गोंद मिळतो, तो घ्यावा. चकती नसलेला सुटा एलईडी थेट पत्र्यावर बसविताना आणखी एक गोष्ट तपासावी लागते. काहींचा तळ विजेच्या एका टोकाला जोडलेला असतो, आणि असे दोन-तीन एकाच पत्र्यावर बसविले तर पत्राच तार होऊन बसतो.

धातूतून वाहत पृष्ठभागापर्यंत आलेली उष्णता शेवटी हवेलाच द्यायची असते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. हे फिरते चक्र म्हणजे फुकटचा पंखा, आणि त्याला वाट मोकळी ठेवणे एवढेच माणसाचे काम. म्हणून पात्यांचा हीटसिंक लावताना पाती उभी, खालीवर मोकळी असावीत. आडवी लावली तर गरम हवा त्यांच्या पोटात अडकून पडते. पुण्याच्या तपकीर गल्लीत वा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुन्या संगणकांतले हीटसिंक मिळतात, आणि ते पाहून कोणाच्याही तोंडाला पाणी सुटते. पण त्यांची पाती पंख्याच्या जोराची हवा गृहीत धरून दाट बसविलेली असतात. पंखा काढून टाकला की त्या दाटीतून हवा आपल्या आपण हलत नाही. वजनाने निम्मा पण पात्यांत बोटभर अंतर असलेला हीटसिंक अशा वेळी सरस ठरतो. उलट, जुन्या हीटसिंकवर लहानसा पंखा कमी वेगाने फिरत ठेवला, तर रोध कित्येक पटींनी उतरतो. मात्र मग दिव्याचा जीव त्या पंख्याच्या जिवाशी बांधला जातो.

काही उष्णता किरणांच्या रूपानेही जाते, आणि येथे रंगाविषयी एक गैरसमज आहे. चकचकीत ॲल्युमिनियम उष्णतेचे किरण फारच कृपणपणे सोडते. म्हणून हीटसिंक काळा रंगवावा, असे सांगितले जाते. उपाय बरोबर, कारण चूक. या तपमानाला निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने पांढरा रंग व काळा रंग सारखेच. रंगाचा पातळ हात किंवा ॲनोडाइझ केलेला थर, मग तो कोणत्याही छटेचा असो, काम करतो. चकतीखालची जागा मात्र रंगवू नये.

ताप आणि वीज यांचे आणखी एक संगनमत आहे, आणि ते घातक आहे. तपमान वाढते तसा एलईडीला लागणारा दाब उतरतो. दर अंशाला दोन ते चार मिलिव्होल्ट, म्हणजे साठ अंशांत सुमारे पाव व्होल्टपर्यंत. बाहेरचा दाब कायम ठेवला असेल तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने ताप वाढतो, तापाने दाब आणखी उतरतो. हे चक्र सुरू झाले, की उत्तम हीटसिंकही फार वेळ निभावून नेत नाही. एकाच दाबाला अनेक एलईडी शेजारीशेजारी समांतर जोडले, तर त्यांतला सर्वांत तापट असतो तो सर्वांचा वाटा ओढून घेतो. म्हणून मोठ्या एलईडीला दाब नव्हे, प्रवाह मोजून द्यायचा असतो. एलएम ३१७ या जुन्या, स्वस्त नियामकाला ३.६ ओहमचा रोध जोडला, की तो ३५० मिलिअँपिअरच्या जवळ प्रवाह बांधून देतो. बारा व्होल्टांवर दोन एलईडी माळेने जोडले तर उरलेल्या पावणेसहा व्होल्टांची सुमारे दोन वॅट उष्णता होते. तिच्यातली बरीचशी नियामकाच्या अंगावर येते, म्हणजे आता त्यालाही पत्रा हवा! खटक्यांनी चालणारे ड्रायव्हर हा अपव्यय पुष्कळ टाळतात. मात्र त्यांच्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला सुमारे निम्मे होते, तेव्हा ड्रायव्हर एलईडीच्या पाठीला पाठ लावून बसवू नये. बंद झुंबरात लावलेले घरगुती एलईडी दिवे लवकर जातात, तेव्हा पुष्कळदा आतला एलईडी शाबूत असतो. गेलेला असतो तो त्याच्या बुडाशी भाजून निघालेला ड्रायव्हर.

हिशेब बरोबर आहे की नाही, हे मोजूनच कळते, आणि मोजण्याची घाई करू नये. पत्रा सावकाश तापतो. दिवा अर्धा-पाऊण तास जळल्यावरचे माप खरे. सायकलच्या दिव्याचे माप तर घरात, निश्चल हवेतच घ्यावे, कारण रस्त्यावर वारा मिळतो तो चाके फिरेपर्यंत. बोटाने अदमास घेता येतो. पत्र्याला बोट दोन-तीन सेकंदच टेकवता आले, तर तो साठ अंशांच्या आसपास आहे असे समजावे. लांबून तपमान सांगणारे अवरक्त मापक चकचकीत ॲल्युमिनियमवर साफ खोटे बोलते, कारण तो पत्रा स्वतःचे किरण सोडण्याऐवजी खोलीचेच परतवतो. तेथे काळ्या विद्युत्पट्टीचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. मल्टिमीटरबरोबर मिळणारी थर्मोकपलची तार चकतीवर, एलईडीच्या अगदी पायाशी टेकविली तर अधिक चांगले.

स्फटिकाच्या पोटातले तपमान मात्र कोणत्याही तारेला गाठता येत नाही. ते एलईडी स्वतःच सांगतो. वर आलेला दाब उतरण्याचा गुण, जो घात करतो, तोच येथे तपमापक होतो. दिवा लावताच पहिल्या क्षणी, स्थिर प्रवाहावर, त्याच्या दोन टोकांमधला दाब टिपावा, आणि तासाभराने पुन्हा टिपावा. समजा तो ३.२० व्होल्टांवरून ३.०४ वर उतरला, आणि माहितीपत्रकात दर अंशाला तीन मिलिव्होल्ट घट दिली आहे. १६० भागिले तीन, म्हणजे चढ त्रेपन्न अंशांचा. कागदावरचा हिशेब साडेपंचावन्न सांगत होता, दोघांचे जुळले. उत्तर वीस-पंचवीस अंशांनी अधिक निघाले, तर पत्रा मोठा आणण्यापूर्वी स्क्रू सोडवून चकतीखालची पेस्ट सगळीकडे सारखी पसरली आहे का, ते पाहावे.